मानसशास्त्राला गुन्हेगारीशास्त्राची जोड

बारावीनंतर मानसशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींना ‘पुढे काय करणार?’ असे विचारले, की हल्ली ‘क्रिमिनल सायकॉलॉजी’ हे उत्तर बरेचदा ऐकू येते. ओटीटीवरच्या मालिकांचा त्यात मोठा वाटा आहे. पडद्यावरचा तज्ज्ञ खोलीत येतो, भिंतीवरचे फोटो पाहतो आणि खुनी डावखुरा असून आईवर राग धरून आहे, हे दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो. प्रत्यक्ष अभ्यासक्रमात मात्र सुरुवातीलाच संख्याशास्त्र समोर येते आणि काहींचा उत्साह तिथेच मावळतो.

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत मानसशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र यांची मिळून एकच पदवी घेता येते. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थी आधी मानसशास्त्राची पदवी घेतात आणि पदव्युत्तर शिक्षणात गुन्हेगारीशास्त्राकडे वळतात. त्यासाठी गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आहे.

हे दोन विषय एकत्र का शिकायचे? सतरा वर्षांच्या एका मुलाने भांडणात चाकू चालवला, असे समजा. मानसशास्त्र त्या मुलाकडे पाहते. त्याचा स्वभाव, राग आवरण्याची क्षमता, लहानपणी सोसलेला मार, बुद्धिमत्ता, व्यसन, आजार. गुन्हेगारीशास्त्र जरा मागे सरकून पाहते. या वयात असे गुन्हे किती होतात, कोणत्या परिस्थितीत होतात, पोलिसांच्या नजरेत कोणत्या वस्तीतली मुले आधी भरतात आणि यातली किती मुले पुढे आपोआप सुधारतात?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून पालकांना आश्चर्य वाटेल. वयानुसार गुन्ह्यांचा आलेख काढला, तर तो किशोरवयाच्या अखेरीस शिखर गाठतो आणि नंतर घसरत जातो. न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा संशोधकांनी जन्मापासून पुढे अनेक दशके मागोवा घेतला. या पाहणीशी निगडित मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये असे मांडले, की गैरवर्तन करणाऱ्या किशोरांत दोन वेगळे गट मिसळलेले असतात. एक गट लहान. त्यांचा त्रास बालपणीच सुरू झालेला असतो, मेंदूच्या विकासातल्या अडचणी आणि घरातली बिकट अवस्था एकमेकींना बळ देतात, आणि वर्तन पुढेही टिकते. दुसरा गट बराच मोठा. ही मुले मित्रांच्या नादाने वाट सोडतात आणि नोकरी, जोडीदार, जबाबदारी आली की बहुतेक जण परत वळतात. सतराव्या वर्षी मात्र दोन्ही गटांतली मुले वरवर सारखीच दिसतात.

आणि नेमक्या याच वयाबद्दल आपल्या कायद्याला निर्णय हवा असतो. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर किमान ७ वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाला प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. गुन्हा करण्याची मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता होती का, परिणाम त्याला समजत होते का, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे त्यात पाहायचे असते. त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का, हे त्यावर ठरते. मंडळावर बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक नसेल, तर अनुभवी मानसशास्त्रज्ञ किंवा तत्सम तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

हे मूल्यांकन बुद्ध्यांकाची चाचणी करून उरकता येत नाही. चाकू लागला तर माणूस मरतो, हे शांतपणे विचारले तर बारा वर्षांचे मूलही सांगेल. चार मित्र बघत असताना, डोके भडकलेले असताना हात आवरणे ही वेगळी क्षमता आहे. तिच्याशी निगडित असलेला मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. पण एखाद्या मुलाच्या मेंदूचे स्कॅन काढून तो गुन्ह्याच्या दिवशी कितपत परिपक्व होता, हे आज कोणीही सांगू शकत नाही. तसा दावा करणारा अहवाल दिसला, तर तो बाजूला ठेवावा.

असे दावे झालेलेच नाहीत असे नाही. २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्याच्या निकालात मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला आणि त्याची चर्चा परदेशातही झाली. गुन्ह्याची वाक्ये ऐकवायची आणि ‘अनुभवाची आठवण’ मेंदूत उमटते का ते पाहायचे, अशी ती पद्धत. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत.

आठवण ही मेंदूत जपून ठेवलेली चित्रफीत नसते, हे मानसशास्त्राला त्याआधीच कळले होते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारले, मोटारी एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, मोटारी एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता? आठवड्याने सगळ्यांना विचारले, फुटलेली काच दिसली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी ‘हो’ म्हटले, जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी. साक्षीदार खोटे बोलत नव्हते. पोलीस ठाण्यात प्रश्न कसा विचारला जातो, याला म्हणूनच महत्त्व आहे.

गुन्हेगारीशास्त्राचा इतिहासही फारसा स्वच्छ नाही. चेसारे लोम्ब्रोझो हा इटलीतला डॉक्टर. कवट्या आणि चेहरे मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो, असे त्याने १८७६ मध्ये पुस्तकात मांडले. त्याआधीच, १८७१ मध्ये, इंग्रजांनी भारतात गुन्हेगार जमाती कायदा आणून अख्ख्या जमातींवर शिक्का मारला होता. तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला; पारधी कुटुंबांना विचारा, व्यवहारात पुसला गेला का. ‘हा गुन्हेगारी वृत्तीचा आहे’ असे अहवालात लिहिण्यापूर्वी हा धडा विद्यार्थ्याने वाचलेला असावा.

करिअरचे बोलायचे, तर ‘प्रोफाइलर’ अशी जाहिरात शोधत बसू नये. न्यायवैद्यक प्रयोगशाळांचे मानसशास्त्र विभाग, निरीक्षणगृहे, कारागृहे आणि कच्च्या कैद्यांसाठी काम करणारे टाटा संस्थेच्या ‘प्रयास’सारखे प्रकल्प, ही कामाची खरी ठिकाणे. पगार मालिकेतल्यासारखा नसतो. नुसत्या संयुक्त पदवीने रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ब्रिटनला जाणाऱ्यांनी पदवीला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता आहे का, हे शुल्क भरण्याआधी पाहावे. दोन विषयांच्या पदवीत मानसशास्त्राचा वाटा कमी पडला, तर ती मान्यता मिळत नाही आणि पुढे फॉरेन्सिक मानसशास्त्राच्या प्रशिक्षणाला प्रवेश घेताना अडते.