घर्षणातून घडणारे कवच

यंत्र सुरू होताना किंवा मोठा भार वाहताना घासणाऱ्या भागांमधील वंगणाचा थर अतिशय पातळ होतो. मग पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचवटे परस्परांवर घासून धातू झिजू लागतो. अनेक झीजरोधक द्रव्ये धातूशी रासायनिक क्रिया करून संरक्षक थर बनवितात. म्हणजे रक्षणासाठी थोडा धातूच खर्ची पडतो. अमेरिकी संशोधक मायकेल फ्युरी यांनी १९७३ साली निराळा मार्ग मांडला. वंगणात एकवारिके, म्हणजे साखळीने जोडले जाऊ शकणारे लहान रेणू, अल्प प्रमाणात मिसळावयाचे. जेथे घर्षण होते तेथेच ते जोडले जाऊन बहुवारिकाचे पटल तयार होते. ते झिजले, तरी वंगणात एकवारिके शिल्लक असेपर्यंत त्या जागी नवे पटल धरू शकते.