वाळूच्या कणावरची बुरशी

मंडळी, वाशिमला समुद्र नाही, म्हणून ही पोस्ट ओलांडून पुढे जाऊ नका!

लोणच्यावर येते, पावसाळ्यात चपलेवर येते, ती बुरशी समुद्रातही असते. खारफुटीची मुळं, वाहून आलेली लाकडं, होड्या, जेट्टीचे खांब, काहीही चालतं तिला. लाकडाच्या पेशीभित्तीत ती बारीक पोकळ्या कोरत जाते आणि वरचा थर मऊ पडतो.

माझी लाडकी मात्र कोरोलोस्पोरा मारिटिमा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही सापडते. तिच्या काळ्या, सूक्ष्म कुप्या वाळूच्या कणाला नाहीतर शिंपल्याच्या तुकड्याला चिकटून असतात. आतल्या बीजाणूंना केसांसारखे तंतू असतात, त्यामुळे ते लाटांच्या फेसात अडकतात. म्हणून अभ्यासक चक्क फेस गोळा करतात! गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार यांनी तर हिंदी महासागराच्या खोल तळच्या गाळातून बुरश्या मिळवल्या.

आणि प्लॅस्टिक? 2024 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पॅरेंजिओडोन्टियम अल्बम ही समुद्री बुरशी पॉलिथिन खाते असं दाखवलं. पण उन्हातल्या अतिनील किरणांनी आधी झिजलेलंच, तेही अगदी हळू. तेव्हा पिशव्या फेकायला मोकळीक नाही.

आता आपल्याकडचं. गोड्या पाण्यातही असे फेसात अडकणारे बीजाणू असतात, चार हातांचे, नांगरासारखे. बुरशीतज्ज्ञ इंगोल्ड यांनी 1942 मध्ये इंग्लंडच्या ओढ्यातल्या कुजक्या पानांवर त्यांचा अभ्यास मांडला. कुणाकडे सूक्ष्मदर्शक असेल, तर पावसाळ्यात स्वच्छ ओढ्याच्या फेसाचा एक थेंब बघा आणि फोटो इथे टाका.