पऱ्हाटीच्या पानावरील काळे ठिपके

कापसाच्या झाडाचें, म्हणजे पऱ्हाटीचें, कोवळें पान उजेडासमोर धरून पाहिलें तर त्यावर राईहूनहि बारीक असे काळसर ठिपके विखुरलेले दिसतात. पुष्कळांस ते रोगाचे डाग वाटतात. वस्तुतः त्या झाडाच्या रक्षणासाठीं भरून ठेवलेल्या विषाच्या बुधल्या होत. झाडास पळून जातां येत नाहीं. जेथें बीं रुजलें तेथेंच उभें राहून त्याला अळीस, भुंगेऱ्यास व बुरशीस तोंड द्यावें लागतें. म्हणून त्यानें रसायनांचा आश्रय केला आहे.

या बुधल्यांत गॉसिपॉल नांवाचें पिवळें द्रव्य व त्याच्या कुळांतील इतर द्रव्यें असतात. लाँगमोर यांनीं १८८६ सालीं सरकीच्या तेलाच्या गाळांतून गॉसिपॉल प्रथम वेगळें काढलें. पुढें १८९९ सालीं मार्खलेव्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञानें त्याचे शुद्ध स्फटिक मिळविले व कापसाच्या शास्त्रीय नांवावरून, म्हणजे गॉसिपियमवरून, त्याचें नामकरण केलें. अळीनें पान कुरतडलें कीं बुधली फुटते व विष तिच्या पोटांत जातें. तेथें तें प्रथिनांस व पाचक रसांस जखडून टाकतें. खाल्लेलें अंगीं लागत नाहीं आणि अळीची वाढ खुंटते. एकदां अळीनें पोळलेल्या झाडास पुढें जीं पानें फुटतात, त्यांवर या बुधल्या अधिक दाट असतात.

बुरशीची गोष्ट निराळी आहे. मर रोगाची बुरशी मुळांतून शिरते व पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पसरते. नळ्या तुंबतात आणि ओलाव्याच्या जमिनींतहि झाड सुकतें. येथें पानावरील बुधली कामास येत नाहीं. म्हणून नळ्यांलगतच्या पेशी, शत्रूची चाहूल लागतांच, गॉसिपॉलचीं भावंडें म्हणावींत अशीं बुरशीनाशक द्रव्यें नव्यानें तयार करतात. हें काम जें वाण त्वरेनें करतें तें तगण्याचा संभव अधिक.

तिसरा उपाय मदतीस हांक मारण्याचा. अळी खाऊं लागली कीं झाड विशिष्ट वास हवेंत सोडतें. न कुरतडलेल्या पानांतूनहि तो सुटतो. त्याचा माग काढीत गांधीलमाशीच्या जातीचे इवले कीटक येतात व अळीच्या शरीरांत अंडीं घालतात. त्यांतून निघालेलीं पिलें अळीस आंतून पोखरतात.

परंतु हेंच विष माणसाच्या आड येतें. सरकींत प्रथिनें विपुल असूनहि तीं माणसास, डुकरांस व कोंबड्यांस निर्धास्तपणें खातां येत नाहींत; रवंथ करणाऱ्या गाईम्हशींस मात्र पेंड बऱ्याच अंशीं पचते. यावर उपाय म्हणून १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मॅकमायकेल यांनीं बुधल्याच नसलेला कापूस सिद्ध केला. सरकी निर्विष झाली. पण एरवीं कापसाकडे न फिरकणारे कीटक व उंदरांसारखे प्राणीहि त्या पिकावर तुटून पडले. तें वाण शेतांत टिकूं शकलें नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील एका रानकापसानें मात्र हा प्रश्न स्वतःच सोडविलेला आहे. त्याच्या बियांत बुधल्या नसतात, रोप वाढूं लागलें कीं त्या प्रकट होतात. तोच परिणाम २००६ सालीं टेक्सास येथें कीर्ति राठोर व त्यांचे सहकारी यांनीं निराळ्या मार्गानें साधला. त्यांनीं केवळ सरकीपुरतें गॉसिपॉल घटविलें. पान, खोड व बोंड यांचें शस्त्र तसेंच राहूं दिलें. अशा वाणाच्या लागवडीस अमेरिकेच्या शेतकी खात्यानें २०१८ सालीं मोकळीक दिली.

अर्थात् हें कवच अभेद्य नाहीं. गुलाबी बोंडअळी बोंडांत शिरून सरकीवरच पोसते. २०१७ सालीं विदर्भांतील शेतकऱ्यांनीं तिचा कहर भोगला. तथापि फुटकें कवच टाकून देणें हा उपाय नव्हे. वाण पारखतांना रुईचा उतारा व धाग्याची लांबी पाहिली जाते. त्याबरोबर पानावरचे हे ठिपकेहि पाहिले जावेत, हें इष्ट होय.