जुना लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वी

आपल्यापैकी बरेच जण नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बंगळुरूला आणि आई-बाबा इंदूरला. सुट्टीत घरी गेलं की तक्रार ठरलेली : "अरे, हा लॅपटॉप सुरू होईस्तोवर चहा पिऊन होतो!" नवा घेण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये बघा. डिस्कखाली 'एचडीडी' दिसलं तर दुखणं बहुधा तिथेच आहे.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे. माहिती शोधायला सुई इकडून तिकडे सरकते, त्यात वेळ जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. मी बाबांच्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसवली आणि त्यांचा नव्या लॅपटॉपचा विषय संपला.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी बॅकअप घ्या. लग्नाचे फोटो, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन, आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज यांची बहुतेक घरांत एकच प्रत असते.

मग एसएसडी यूएसबी केसमधून जोडा. ती फाइल एक्स्प्लोररमध्ये दिसत नाही म्हणून घाबरू नका; कोरी डिस्क तिथे दिसतच नाही, डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसते. आता क्लोनिंग सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करा. आई-बाबांसाठी हेच सोयीचं, कारण डेस्कटॉपवरचं प्रत्येक चिन्ह जागच्या जागी राहतं. कुठून कुठे नक्कल होतेय, ते डिस्कचं नाव आणि आकार बघून दोनदा तपासा. दिशा उलटी झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते! ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. तो मोजणीतला फरक आहे, फसवणूक नाही.

नुसती साठवणीसाठी जादा एसएसडी लावत असाल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'इनिशियलाइज' करून जीपीटी निवडा आणि 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' तयार करा.

लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून डिस्क बदला. बॅटरी निघत असेल तर तीही काढा. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर सगळं नीट चाललं की तीच यूएसबी केसमध्ये घालून फोटोंची दुसरी प्रत म्हणून ठेवा. मात्र तीही म्हातारी झालेली असते, तेव्हा तिसरी प्रत क्लाउडवर हवीच.

या सुट्टीत एक दुपार यासाठी राखून ठेवा. वेग वाढेलच, पण त्या निमित्ताने घरातल्या आठवणींची दुसरी प्रत तयार होईल, हे जास्त मोलाचं.