पानाच्या पाठीवर पान!

पानं फांदीला फुटतात, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. पण पानाच्या पाठीवर, शिरेला चिकटून, वाटीच्या आकाराचं इवलंसं दुसरं पान फुटलेलं पाहिलंय कधी? पंजाब, हरियाणा आणि उत्तर राजस्थानात कपाशीवर ते दिसतं. तुम्ही म्हणाल, वा, काय गंमत! शेतकऱ्याच्या मात्र पोटात गोळा येतो. कारण ही ‘लीफ कर्ल’ रोगाची खूण आहे. आधी शिरा जाड होतात, मग पानाच्या कडा वळतात, झाड खुजं राहतं आणि बोंडं कमी लागतात.

हा उद्योग एका विषाणूचा. तो किती लहान? असे २५ हजार विषाणू ओळीत उभे केले, तरी ओळ एक मिलिमीटरही भरायची नाही! त्याला ना पाय, ना पंख. मग तो या झाडावरून त्या झाडावर जातो कसा? पांढऱ्या माशीच्या पोटातून! ही नावाचीच माशी. नातं मात्र मावा-तुडतुड्यांशी. पानाखाली बसून ती बारीक सोंड खुपसते आणि रस पिते. रसाबरोबर विषाणू पोटात जातो, तिथून लाळेत येतो आणि पुढच्या झाडाला टोचला जातो.

१९६७ मध्ये पाकिस्तानात मुलतानजवळ हा रोग थोड्या झाडांवर दिसला. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९०च्या सुमारास त्यानं तिथली शेतंच्या शेतं धरली आणि १९९३ मध्ये तो राजस्थानात श्रीगंगानगरला दिसला.

शास्त्रज्ञ चक्रावले ते पुढेच. प्रयोगशाळेत नुसता विषाणू कपाशीत सोडला, तर रोगाची खरी लक्षणं दिसेचनात! कोडं सुटलं २००१ मध्ये. विषाणूबरोबर त्याच्या निम्म्या आकाराचा डीएनएचा एक तुकडा फुकट प्रवास करत होता. विषाणूच्या मदतीशिवाय त्याला स्वतःची नक्कलही करता येत नाही. पण झाडाची संरक्षणव्यवस्था लुळी पाडायची आणि पानाच्या पाठीवर पान फुटायला लावायचं, ही करामत या फुकट्याचीच!

आपली देशी कपाशी या रोगाला शेतात दाद देत नाही. मग तिचा हा गुण लांब धाग्याच्या अमेरिकन कपाशीत का आणत नाहीत? प्रयत्न चालू आहेत, पण देशीच्या पेशीत गुणसूत्रं २६ आणि अमेरिकनच्या ५२. जोडी सहज जमत नाही.

तुम्हालाही एक शोध लावता येईल. भेंडी ही कपाशीच्याच कुळातली. तिच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द दिसल्या, तर तो ‘केवडा’ रोग. त्याचा विषाणूही पांढरी माशीच पसरवते. पान हळूच उलटा. चोर बहुधा तिथेच बसलेला सापडेल!