अभिवृत्तिरक्षण

मन वळविण्यासाठी केलेल्या प्रचाराला प्रतिकार करून व्यक्ती वा समूह आपली प्रस्थापित अभिवृत्ती ज्या मानसिक प्रक्रियांच्या योगे टिकवून धरतो, त्यांस अभिवृत्तिरक्षण म्हणतात. प्रतिकूल माहिती टाळणे, ती सांगणाऱ्याच्या विश्वासार्हतेविषयी शंका घेणे, प्रतियुक्तिवाद करणे व समविचारी लोकांचा आधार शोधणे, या त्यांपैकी प्रमुख होत. विसंगत माहितीमुळे उत्पन्न होणारी अस्वस्थता कमी करण्याकडे मनाचा कल असतो, असे लीऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये प्रतिपादिले. जॅक ब्रेम यांच्या मते (१९६६) निवडीच्या स्वातंत्र्यावर दडपण येत आहे असे वाटताच ते राखण्याची प्रेरणा जागृत होते.

विल्यम मग्वायर यांनी १९६० नंतर या प्रक्रियेस रोगप्रतिबंधक लशीची उपमा दिली. जेवणानंतर दात घासावेत, यांसारखी निर्विवाद मते विरोधी प्रचारापुढे सहज डळमळतात. कारण त्यांचे समर्थन करण्याचा प्रसंगच आलेला नसतो. केवळ अनुकूल युक्तिवाद ऐकविण्यापेक्षा सौम्य आक्षेप मांडून त्यांचे खंडन केल्यास अधिक संरक्षण मिळते, असे त्यांच्या प्रयोगांत आढळले.

सामूहिक प्रतिकाराचे एक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आढळते. सिरोंचा परिसरात गोदावरीवर इंचमपल्ली व इंद्रावतीवर भोपालपटनम ही धरणे योजिली होती. सिंचन व वीज ही त्यांच्या समर्थनाची प्रमुख कारणे होती; जंगल, जमीन व गावे पाण्याखाली जातील, हा आदिवासींचा आक्षेप होता. १९८४ मध्ये बाबा आमटे, लालश्यामशहा प्रभृतींच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. पुढे या योजना मागे पडल्या. याच आंदोलनातून प्रेरणा घेतलेल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावी अभ्यासगटात प्रश्नांची चर्चा करावयाची व ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. तिचा मग्वायर यांच्या प्रयोगांशी संबंध नाही. तथापि आक्षेपांची आधीच छाननी झालेला निर्णय बाहेरच्या आग्रहापुढे सहसा ढळत नाही, हे तत्त्व दोहोंत समान आहे.

मात्र प्रतिकार म्हणजे सत्यतेचा पुरावा नव्हे. पूर्वग्रह व अंधश्रद्धा यांचेही रक्षण याच साधनांनी होते. आक्षेप टाळून टिकलेले मत आणि आक्षेपांना उत्तर देऊन टिकलेले मत बाहेरून सारखेच दृढ दिसते.