पडद्यावरचा पडदा

मॅरियन क्रेन मोटेलच्या खोलीत आंघोळीला जाते तेव्हा तिचं ठरलेलं असतं. ऑफिसातून पळवलेले ४०,००० डॉलर परत करायचे. कागदावर हिशेब मांडून ती तो फाडते, तुकडे संडासात टाकून पाणी सोडते. (तोवर अमेरिकन पडद्यावर संडास सहसा दिसत नसे, निव्वळ हे दाखवणंही तेव्हा धाडसाचं होतं.) मग शॉवरखाली उभी राहते, तोंडावर पाणी घेते, आणि दोन दिवसांचा ताण तिच्या चेहऱ्यावरून उतरताना दिसतो. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’मधला (१९६०) हा प्रसंग आठवताना लोक थेट चाकूवर येतात. मला मात्र ही सुटका आधी आठवते. तिच्यामुळेच पुढची पंचेचाळीस सेकंदं सहन होत नाहीत.

अंग चोळणारी मॅरियन पुढे, प्लॅस्टिकचा अर्धपारदर्शक पडदा मागे, आणि त्या पडद्यावर उमटणारी सावली. ती आपल्याला दिसते, मॅरियनला नाही. ओरडून सांगावंसं वाटतं, तोवर पडदा सरकतो.

या खुनाच्या चित्रीकरणाला १९५९च्या डिसेंबरात जवळजवळ आठवडा लागला. कॅमेऱ्याच्या ७८ मांडण्या आणि ५२ काप ही गणती इतकी प्रसिद्ध झाली की २०१७ साली याच एका प्रसंगावर निघालेल्या माहितीपटाचं नावच ‘७८/५२’ आहे. हिचकॉकनं नेहमीच्या मोठ्या ताफ्याऐवजी आपल्या दूरदर्शन मालिकेतली माणसं घेतली होती आणि चित्रपट सुमारे आठ लाख डॉलरांत बसवला. त्याच्या आधीच्या चित्रपटांच्या मानानं ही रक्कम फारच थोडी. कृष्णधवल ठेवण्यामागे खर्चाचा विचार होता, तसाच रक्ताचाही; रंगात ते फार बीभत्स झालं असतं. मोरीकडे वाहणारं ते काळपट रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. चाकू शिरण्याचा आवाज कासाबा जातीच्या खरबुजाचा. आणि तरीही त्या काळात हा चित्रपट पाहिलेली माणसं लाल रक्त पाहिल्याचं शपथेवर सांगत. चाकूचं टोक जेमतेम काही फ्रेमपुरतं पोटाला टेकलेलं दिसतं. जखम होताना दिसत नाही. घाव आपण घालतो, रंगही आपणच भरतो. डोळ्यांनी पाहिलेलं पुसट होतं, पण स्वतः मनात रचलेलं कोण पुसणार?

संगीतकार बर्नार्ड हरमननं चित्रपटभर फक्त तंतुवाद्यं वापरली. मोटेलमधल्या प्रसंगांना संगीत नको, असं हिचकॉकचं म्हणणं होतं; हरमननं तरी ते रचलं, ऐकवलं आणि हिचकॉकनं मत बदललं. आज ज्यांनी ‘सायको’ पाहिलेला नाही त्यांनाही व्हायोलिनच्या त्या टिपेच्या किंकाळ्या ओळखू येतात. किंकाळी माणसाची, पाखराची की धातूची, हे ठरवता येत नाही, आणि मोटेल चालवणाऱ्या नॉर्मन बेट्सच्या बैठकीतले पेंढा भरलेले पक्षी आपण नुकतेच पाहिलेले असतात.

ज्या शरीराकडे जग सहा दशकांहून जास्त काळ पाहत आलं आहे, त्यातलं बरंचसं मार्ली रेन्फ्रो या मॉडेलचं आहे. चेहरा जॅनेट लीचा. रेन्फ्रोचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं, आणि ही गोष्ट मला आजही खटकते. नॉर्मन साकारणारा अँथनी पर्किन्स तर त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये नाटकाच्या तालमीत होता. चाकूमागची आकृती दुसऱ्याच कुणाची. मेलेल्या मॅरियनच्या चेहऱ्यावरची जिवंतपणाची एक बारीकशी हालचाल हिचकॉकच्या पत्नीनं, आल्मा रेव्हिलनं, शेवटच्या तपासणीत पकडली. बाकी कुणाच्याच ती नजरेस आली नव्हती.

चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, अशी सक्ती थिएटरांवर होती. अमेरिकेत तेव्हा लोक अध्येमध्ये येऊन बसत, सुरुवात पुढच्या खेळात पाहत. तसं इथं चाललं नसतं: जॅनेट लीला पाहायला उशिरा आलेल्या माणसाला ती सापडलीच नसती. पाऊण तासात नायिका संपते. कथा ज्या चोरीभोवती फिरत होती ती चोरीही निरर्थक ठरते. लीला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि तिनं स्वतःच लिहून ठेवलंय की त्यानंतर तिनं शॉवर टाळला, टबातच आंघोळ केली.

१९९३ साली डग्लस गॉर्डननं चित्रपटाची गती २४ तासांपर्यंत ताणून त्याची कलाकृती केली. १९९८ साली गस व्हॅन सँटनं तो जवळपास शॉटगणिक रंगात पुन्हा काढला. त्या दुसऱ्या प्रयत्नानं एक सिद्ध झालं: ७८ मांडण्या उतरवून घेता येतात, प्रेक्षकाचा तो पहिला विश्वास उतरवून घेता येत नाही.

पण माझ्या मते या प्रसंगाचं खरं काम संगीत थांबल्यावर सुरू होतं. मोरीच्या काळ्या भोकातून मॅरियनचा उघडा डोळा वर येतो, कॅमेरा तिच्यापासून निघून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पैशांवर जातो, आणि मग नॉर्मन येतो. तो पुसतो, धुतो, फरशी कोरडी करतो. बराच वेळ, एक शब्द न बोलता. कुणीही घरात पसारा आवरावा तसा. प्रेत पडद्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतो. वर्तमानपत्राची पुरचुंडीही आत काय आहे हे न कळता तिथंच फेकतो. गाडी दलदलीत ढकलतो आणि काहीतरी चघळत उभा राहतो.

गाडी बुडू लागते. अर्ध्यावर थांबते. नॉर्मनचं चघळणं थांबतं, इकडे तिकडे बघणं सुरू होतं. थिएटरात श्वास रोखलेले. त्या गाडीत मॅरियन आहे, जिच्यासोबत आपण फिनिक्सहून इथवर आलो, आणि आपण मनातल्या मनात म्हणत असतो: बुड, लवकर बुड.